प्रोस्टेटवरील इंजेक्शने : आशा, चाचण्या आणि रुग्ण

(वैद्यकीय विद्यार्थी व ज्येष्ठ नागरिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

दाराजवळच्या खुर्च्या आवर्जून निवडून बसलेल्या ज्येष्ठ नागरिकहो,

दाराजवळची खुर्ची का निवडली जाते, हे मला ठाऊक आहे. गेली तीस वर्षे मी त्याच कारणाचा अभ्यास करीत आहे. तेव्हा व्याख्यान चालू असताना कोणी उठून बाहेर गेले, तर त्यांनी संकोच करू नये. विषय त्यांचाच आहे.

२०१३ सालच्या पावसाळ्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ६८. रात्री चार-पाच वेळा उठावे लागे, लघवीची धार बारीक झाली होती आणि लघवी करून आल्यावरही मोकळे वाटत नसे. गोळ्या दोन वर्षे सुरू होत्या, पण त्यांचा उपयोग कमी होत चालला होता. मी त्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. त्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. परदेशी नोकरीला असलेल्या मुलाने पाठविलेली ती बातमी होती. प्रोस्टेटमध्ये एकदाच टोचावयाचे नवे इंजेक्शन, भूल नको, रुग्णालयात राहणे नको, काही मिनिटांत घरी. "डॉक्टरसाहेब, हे आपल्याकडे केव्हा येईल?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या सुरू आहेत. दोन-तीन वर्षांत यावयास हरकत नाही."

त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार माझे उत्तर चुकीचे नव्हते. ते अपुरे मात्र होते, आणि त्याची किंमत मी नव्हे, त्यांनी मोजली. ते थांबले. २०१५ च्या जानेवारीत एका रात्री त्यांची लघवी पूर्णपणे बंद झाली. कॅथेटर घातला तेव्हा मूत्राशयातून दीड लिटरहून अधिक लघवी निघाली. मूत्रपिंडांना सूज आली होती आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले होते. ज्या इंजेक्शनाची ते वाट पाहत होते, ते चाचणीत अपयशी ठरल्याचे २०१४ च्या नोव्हेंबरमध्येच जाहीर झाले होते. मुलाने पहिली बातमी पाठविली होती, ही दुसरी पाठविली नाही. आणि मीही ती त्यांच्यापर्यंत पोहोचविली नाही.

आजचे व्याख्यान त्या दुसऱ्या बातमीविषयी आहे.

ग्रंथी आणि तिची वाढ

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुण वयात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम, आकार साधारणतः अक्रोडाएवढा. वयाबरोबर तिचा आतला, मूत्रमार्गालगतचा भाग वाढू लागतो. ही वाढ कर्करोगाची नव्हे, हे प्रथमच स्पष्ट करतो, कारण अनेकांच्या मनातील पहिली भीती तीच असते. शवविच्छेदनांवर आधारलेल्या १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार ५१ ते ६० या वयोगटातील सुमारे निम्म्या पुरुषांत अशा वाढीच्या खुणा आढळतात, आणि पुढे हे प्रमाण वाढतच जाते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या पुरुषांची संख्या पाच कोटींहून अधिक होती. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

परंतु ग्रंथी मोठी म्हणजे त्रास मोठा, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. ऐंशी ग्रॅमची ग्रंथी बाळगून रात्रभर शांत झोपणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तीस ग्रॅमच्या ग्रंथीने जेरीस आलेलेही. ग्रंथीतील स्नायूंचा ताण, मूत्राशयाची सहनशक्ती, मधुमेह, झोप, संध्याकाळचा चहा, अशा अनेक गोष्टी त्रासात मिसळलेल्या असतात. म्हणूनच त्रास मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली वापरली जाते. तिचे गुण शून्य ते ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. ही गुणपत्रिका रुग्ण स्वतः भरतो. पुढच्या साऱ्या कहाणीत ही गोष्ट लक्षात ठेवावी. आम्ही जे मोजतो ते रुग्णाचे स्वतःविषयीचे निवेदन असते. सरासरी तीन गुणांची घट झाली म्हणजे रुग्णाला थोडासा फरक जाणवतो, असे १९९५ च्या एका अभ्यासात दिसून आले होते.

उपचारांची स्थिती काही निराशाजनक नाही. टॅम्सुलोसिनसारखी अल्फा अवरोधक औषधे स्नायूंचा ताण सैल करतात. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे संप्रेरकाच्या वाटेने ग्रंथी हळूहळू आकसवतात. अमेरिकेत ३,०४७ पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षे चाललेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही प्रकारची औषधे एकत्र दिल्याने आजार बळावण्याचा धोका प्लासिबोच्या तुलनेत ६६ टक्क्यांनी कमी झाला. दुर्बिणीतून ग्रंथी तासण्याची शस्त्रक्रिया आणि आता लेसरने गाभा काढून टाकण्याची पद्धत यांचा परिणाम तर निःसंशय आहे. मग इंजेक्शनाचा शोध कशासाठी? गोळ्या रोज घ्याव्या लागतात, कोणाला चक्कर येते, कोणाच्या कामजीवनावर परिणाम होतो. शस्त्रक्रियेनंतर वीर्य उलट्या दिशेने मूत्राशयात जाणे हा बहुतेकांच्या वाट्याला येणारा परिणाम. शिवाय हृदयविकारामुळे किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे ज्यांना भूल व शस्त्रक्रिया सोसत नाही, असे अनेक वृद्ध असतात. गोळी आणि शस्त्रक्रिया यांच्यामधली जागा रिकामी होती. ती भरून काढण्याची इच्छा अगदी रास्त होती.

(एक गोष्ट जाता जाता सांगतो. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञास तसे अवश्य सांगावे. बुबुळ सैल पडून शस्त्रक्रियेत अडचण येऊ शकते. आणि फिनास्टेराइड घेणाऱ्यांची रक्तातील पीएसएची पातळी काही महिन्यांत जवळजवळ निम्मी होते. अहवाल वाचताना हे ध्यानात न घेतल्यास कर्करोगाची सूचना नजरेतून निसटू शकते.)

सुईची जुनी वाट

प्रोस्टेटमध्ये औषध टोचण्याची कल्पना नवी नाही. १९६६ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' मध्ये तलवार आणि पांडे या शल्यचिकित्सकांचा वाढलेल्या प्रोस्टेटवरील इंजेक्शन उपचारासंबंधीचा लेख प्रसिद्ध झाला. कार्बोलिक आम्ल, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण त्यांनी वापरले होते. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनमधून फिनॉलच्या इंजेक्शनाचा अनुभव प्रसिद्ध झाला. या पद्धतीमागचा विचार साधा होता. ऊती जाळून टाकावयाची, ती आकसली की वाट मोकळी होईल. भूल देण्याच्या सोयी अपुऱ्या असलेल्या काळात, अशक्त रुग्णांसाठी हा विचार सुचणे स्वाभाविकच होते.

त्याच विचाराचे सुधारलेले रूप म्हणजे निर्जल अल्कोहोलचे इंजेक्शन. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून आणि नंतर युरोपातून त्याचे अहवाल आले. रुग्णांना आराम पडत होता. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११५ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात दोघांच्या मूत्राशयाच्या भिंतीचा भाग मृत झाला आणि त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. प्रोस्टेट ही काही स्पंज नव्हे. तिच्यात ग्रंथी आहेत, तंतू आहेत, गाठी आहेत, आणि टोचलेला द्रव कमीत कमी अडथळ्याची वाट शोधतो. ती वाट कधी कधी ग्रंथीबाहेर जाते. अल्कोहोलला प्रोस्टेटची पेशी आणि मूत्राशयाची पेशी यांत भेद करता येत नाही.

तेव्हा पुढच्या पिढीतील संशोधकांनी असे द्रव्य शोधावयास घेतले, ज्याला हा भेद कळेल.

विष, पण निवडक

प्रथम आले बोटुलिनम विष. स्नायू तात्पुरते लुळे पाडण्याच्या त्याच्या गुणाचा उपयोग वैद्यकशास्त्र अनेक ठिकाणी करते. प्रोस्टेटमधील मज्जातंतूंचे संदेश त्याने थांबविले तर स्नायू सैल पडतील आणि ग्रंथी काही अंशी आकसेलही, अशी अपेक्षा होती. २००३ मध्ये इटलीतील संशोधकांनी ३० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना विषाची २०० एकके, निम्म्यांना मिठाचे निर्जंतुक पाणी. दोन महिन्यांनी विष दिलेल्या गटाचे लक्षणगुण सुमारे ६५ टक्क्यांनी घटले होते. मिठाच्या पाण्याच्या गटात लक्षणीय फरक पडलाच नाही. जगभरच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी, आणि त्यांत मीही आलो, हा लेख उत्साहाने वाचला. पुढील काही वर्षांत अनेक देशांतून छोट्या छोट्या मालिका प्रसिद्ध झाल्या. बहुतेक सर्व अनुकूल होत्या, आणि त्यांतील बऱ्याच अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

मग मोठी चाचणी झाली. २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ३८० पुरुष, चार गट. तीन गटांना विषाच्या १००, २०० व ३०० एककांच्या मात्रा आणि चौथ्याला प्लासिबो. कोणाला काय मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. बारा आठवड्यांनी चारही गट सुधारले होते. चारही, आणि जवळजवळ सारखेच! दहा वर्षांची आशा एका कोष्टकात संपली.

संपली असे मी म्हणालो, पण आशा इतक्या सहज संपत नाही. आकडेवारी पुन्हा चाळताना असे दिसले की, ज्यांनी पूर्वी अल्फा अवरोधक गोळ्या घेतल्या होत्या, त्यांना २०० एककांचा काहीसा अधिक लाभ झालेला असावा. विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबावयास हवे. चाचणी संपल्यावर निकालांतून उपगट शोधणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढणे. वर्तुळ खरे आहे की नाही, हे ठरविण्याचा प्रामाणिक मार्ग एकच, वर्तुळ आधी काढावे आणि बाण पुन्हा मारावा. या प्रकरणात तसे केले गेले, आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे. दुसऱ्या चाचणीत पूर्वी औषधे घेतलेलेच रुग्ण घेतले. इतकेच नव्हे, तर प्रत्येकावर प्रथम लटकी प्रक्रिया करण्यात आली, म्हणजे सुईचा सारा सोहळा झाला पण औषध गेले नाही. त्यानंतरच पात्र ठरलेल्या ३१५ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत सुमारे सहा गुणांची घट, विषात आणि मिठाच्या पाण्यात फरक नाही. युरोपीय मूत्रविकार संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुढे प्रोस्टेटमध्ये बोटुलिनम विष देऊ नये, असे स्पष्ट शब्दांत नोंदविले.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. हेच विष अतिक्रियाशील मूत्राशयाच्या भिंतीत टोचले असता खरोखर उपयोगी पडते, आणि अमेरिकेत २०१३ पासून त्यास त्या कारणासाठी मान्यता आहे. औषध तेच, शेजारचाच अवयव, आणि निष्कर्ष विरुद्ध. म्हणून "अमुक इंजेक्शन चांगले असते" या वाक्याला अर्थ नाही. कशासाठी आणि कोठे, हे विचारलेच पाहिजे.

दुसरे द्रव्य अधिक कल्पक होते. एरोमोनास हायड्रोफिला नावाचा पाण्यात आढळणारा एक जंतू पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडणारे प्रथिन तयार करतो. हे प्रथिन प्रथम निष्क्रिय रूपात असते, त्याचा एक तुकडा कापला गेला की ते जागे होते. कॅनडा व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्याची रचना अशी बदलली की, हा तुकडा केवळ पीएसएनेच कापला जावा. पीएसए सक्रिय स्वरूपात आढळते ते मुख्यत्वे प्रोस्टेटमध्येच. रक्तात पोहोचलेले पीएसए इतर प्रथिनांनी बांधलेले व निष्प्रभ असते. म्हणजे बाहेर निसटलेला थेंब निद्रिस्तच राहील. शेजारच्या मूत्राशयाला इजा न करणारे विष! अल्कोहोलच्या दोषाला इतके नेमके उत्तर दुसरे सुचणे कठीण. या औषधाला प्रथम पीआरएक्स-३०२ आणि पुढे टॉप्सालिसिन हे नाव मिळाले.

९२ रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले. तिसऱ्या टप्प्यात ४७९ रुग्ण होते, आणि २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला तेव्हा चाचणी यशस्वी ठरली. होय, यशस्वी. औषधाच्या गटात सरासरी ७.६ गुणांची घट, प्लासिबोच्या गटात ६.६ गुणांची. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावर का होईना, उतरला. पण मघाशी सांगितलेला तीन गुणांचा मापदंड आठवा. एका गुणासाठी कोणता वृद्ध प्रोस्टेटमध्ये सुई टोचून घेईल? न्यायाने बोलावयाचे तर टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांचा प्लासिबोपेक्षा अधिक असा लाभही सरासरी दोन गुणांच्या आसपासच भरतो. परंतु गोळी थांबविता येते, टोचलेली सुई परत घेता येत नाही. हे औषध बाजारात आले नाही.

आणि तिसरे, त्या निवृत्त गृहस्थांच्या कागदावरचे. एनएक्स-१२०७ या सांकेतिक नावाने ते ओळखले जाई, नंतर त्याचे नाव फेक्सापोटाइड झाले. ग्रंथीतील पेशींना शांतपणे मरण पावण्याचा संकेत देणारे हे औषध अडीच मिलिग्रॅमच्या एका मात्रेत, गुदमार्गातून सोनोग्राफीच्या आधारे टोचले जाई. भूल लागत नसे. सुरुवातीच्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्तम होते. अमेरिकेत तिसऱ्या टप्प्यातील दोन मोठ्या चाचण्या मिळून सुमारे एक हजार रुग्णांवर झाल्या. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, प्रमुख उद्दिष्ट साध्य झाले नाही. पुढे त्याच रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन लाभ दिसत असल्याचे कंपनीने मांडले आणि २०१८ मध्ये तसा शोधनिबंधही आला. औषध सुरक्षित दिसत होते, यात वाद नाही. परंतु २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यतेचा अर्ज छाननीसाठी दाखल करून घेण्यासच नकार दिला.

दंडात वा कंबरेत टोचावयाच्या, संप्रेरकांवर परिणाम करणाऱ्या सेट्रोरेलिक्सची कथा याहून लहान आहे. २००९ मध्ये तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत तेही प्लासिबोच्या पुढे जाऊ शकले नाही, आणि प्रकरण तेथेच मिटले.

मिठाच्या पाण्याचा गुण

आपल्यापैकी काहींच्या मनात एव्हाना प्रश्न उभा राहिला असेल. मिठाच्या पाण्याने सहा गुणांचा आराम पडत असेल, तर मिठाचे पाणीच का टोचू नये? हा प्रश्न मला एका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारला होता, आणि त्याचे उत्तर द्यावयास मला दोन दिवस लागले.

प्लासिबो म्हणजे फसवणूक किंवा रुग्णाच्या मनाचे खेळ, अशी समजूत असते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. पहिले कारण असे की, माणूस चाचणीसाठी येतो तो त्रास कळसाला पोहोचल्यावर. हा आजार चढउताराचा आहे. काहीही न करता पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्यापैकी अनेकांना बरे वाटणारच होते. दुसरे, चाचणीत शिरण्यासाठी किमान गुणांची अट असते. काठावरचा रुग्ण स्वतःचा त्रास नकळत थोडा वाढवून सांगतो, आणि तपासणारा डॉक्टरही, त्याला जागा भरावयाच्या असल्यामुळे, फार खोलात जात नाही. एकदा प्रवेश मिळाला की गुण मूळ जागी येतात आणि कागदावर सुधारणा दिसते. तिसरे, चाचणीतील रुग्णाकडे जितके लक्ष दिले जाते, तितके आपल्या बाह्यरुग्ण विभागात कोणाकडे दिले जाते? त्याला लघवीची डायरी लिहावयास लावतात, तो संध्याकाळचे पाणी आवरतो, झोपण्यापूर्वी मूत्राशय रिकामे करावयास शिकतो. हाही उपचारच आहे. आणि चौथे, सुईचा दबदबा. गोळीपेक्षा सुईवर विश्वास अधिक बसतो, हे आपल्या देशात तरी कोणाला वेगळे सांगावयास नको. तापासाठी इंजेक्शन न देणारा डॉक्टर गावात टिकत नाही!

या साऱ्यामुळे एखाद्या डॉक्टराने शंभर रुग्णांना एखादे इंजेक्शन दिले आणि "ऐंशी जण बरे झाले" असे तो म्हणाला, तर तो खोटे बोलत नसतो. त्याने जे पाहिले तेच तो सांगतो. इंजेक्शन न देता किती बरे झाले असते, हे त्याने पाहिलेले नसते, इतकेच. इटलीतील तीस रुग्णांनी आम्हाला जे शिकविले, ते ३८० रुग्णांनी खोडून काढले. ज्या पुरुषांनी त्या चाचण्यांत मिठाचे पाणी टोचून घेतले, त्यांना स्वतःला फारसे काही मिळाले नसेल. पण त्यांच्यामुळे जगभरातील असंख्य वृद्ध एका निरुपयोगी प्रक्रियेपासून आणि तिच्या खर्चापासून वाचले.

आपल्या देशात

भारतात वैद्यकीय चाचण्यांची नोंदणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने २००७ च्या जुलैमध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी ती बंधनकारक करण्यात आली. ही नोंदणीसूची कोणालाही विनामूल्य पाहता येते. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी नैतिकता समितीची मान्यता, लेखी संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि भरपाई या गोष्टी निश्चित केल्या. तेव्हा उद्या कोणी आपल्याला प्रोस्टेटसाठी नवे इंजेक्शन सुचविले, तर प्रथम विचारावे की ही चाचणी आहे की नेहमीचा उपचार. चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक मागावा, आणि पैसे मागितले जात असतील तर तेथेच सावध व्हावे. नेहमीचा उपचार असल्याचे सांगितले, तर मी वर सांगितलेली कहाणी त्यांना ऐकवावी. बोटुलिनम विष इतर आजारांसाठी बाजारात उपलब्ध असल्यामुळे हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही.

जाहिरातींच्या बाबतीत तर आपला कायदा बराच जुना आणि बराच स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या अधिनियमाच्या अनुसूचीत ज्या आजारांवरील उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारांचा उल्लेख आहे. असे असूनही बसस्थानकाच्या भिंतीपासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत "विनाशस्त्रक्रिया कायमचा इलाज" हे शब्द दिसतातच. कायदा असणे आणि तो पाळला जाणे यांतील अंतर मी येथे मोजत बसत नाही.

खर्चाविषयी दोन शब्द. नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रांत कमी किमतीत मिळतात. आयुष्मान भारत योजनेची व्याप्ती २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांपर्यंत वाढविण्यात आली आहे, उत्पन्नाची अट न ठेवता. शस्त्रक्रियेच्या खर्चाला घाबरून थांबलेल्यांनी निदान आपले कार्ड काढून घ्यावे आणि सूचीतील रुग्णालयात चौकशी करावी.

थांबण्याविषयी मात्र मला सविस्तर बोलावयाचे आहे, कारण माझी चूक तेथेच झाली. सौम्य त्रास असेल तर थांबण्यात काहीच गैर नाही, अनेकदा तेच योग्य असते. परंतु लघवी एकदम अडणे, लघवीतून वारंवार रक्त जाणे, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडे, किंवा मूत्रपिंडांवर ताण, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहण्याचा काळ संपलेला असतो. आणखी एक लक्षण लोक सांगत नाहीत. झोपेत अंथरूण ओले होणे. लाजेने ते लपविले जाते, वय झाले म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात ते तुडुंब भरलेल्या मूत्राशयाचे ओसंडणे असू शकते. त्यात वेदना नसते, आणि वेदना नसल्यामुळेच मूत्रपिंडे मुकाट्याने बिघडत जातात. त्या निवृत्त गृहस्थांच्या बाबतीत हे तीन महिने चालले होते. त्यांच्या पत्नीला ठाऊक होते. मला त्यांनी सांगितले नाही, कारण मी विचारले नाही.

नंतर मी माझ्या विभागात एक छोटी व्यवस्था केली. ज्या रुग्णाला "नवा उपचार येत आहे, थोडे थांबू" असे सांगितले जाईल, त्याच्या केसपेपरवर तारीख घालून ठेवावयाची, आणि सहा महिन्यांनी त्याला बोलावून त्या उपचाराचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे. लघवी उरते किती, याची सोनोग्राफी त्याच भेटीत. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एक वही लागते. आतापर्यंत तिच्यात नोंदविलेल्या नव्या उपचारांपैकी काही आले, पुष्कळसे आले नाहीत. जे आले नाहीत त्यांच्यापुढे तसे लिहिलेले आहे.

त्या गृहस्थांच्या मूत्रपिंडांची सूज उतरावयास सहा आठवडे लागले. तोवर नळी आणि पिशवी घेऊन ते घरात फिरत. मार्चमध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. क्रिएटिनिन खाली आले, पण पूर्वीच्या पातळीला नाही. पुढे ते नियमित तपासणीस येत राहिले. एका भेटीत त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, त्या इंजेक्शनाचे शेवटी काय झाले?" मी त्यांना आज आपल्याला सांगितले तेच, अर्थात तोपर्यंत जितके घडले होते तितके, सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे मिठाचं पाणी. मग आमच्या मुलाला एवढं कळवा." मुलाचा पत्ता त्यांनी माझ्या वहीत स्वतः लिहून दिला.

माझा वेळ संपत आला आहे. दाराजवळचे दोन सद्गृहस्थ परत आलेले दिसतात. आता आपले प्रश्न घेतो, आणि पहिला प्रश्न त्यांच्याकडून यावा.